मागें राहिलेल्या ओळी

गेल्या श्रावणांत माझे एक जुने स्नेही वारले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयांत शिकवीत होतों. ते पदार्थविज्ञान आणि मी संख्याशास्त्र. तिवशाहून सकाळची एस. टी. धरून बरोबर जावयाचें व सायंकाळीं बरोबर परतावयाचें, असा २१ वर्षांचा आमचा क्रम होता. आतां खिडकीजवळची जागा रोज मला मिळते, आणि ती मला नको असते. परंतु आज मी लिहावयास बसलों आहें तो मृत्युलेख लिहिण्यासाठीं नव्हे. त्यांच्या पश्चात् त्यांची एक विलक्षण वही आमच्या हातीं आली, आणि ती वाचण्यासाठीं आम्हांला तितकाच विलक्षण वाचक बसवावा लागला. त्या वहीची आणि त्या वाचकाची ही हकीगत आहे.

आम्हां दोघांना एक व्यसन होतें. तालुक्यांतल्या विहिरींचें पाणी मोजण्याचें. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हें काम राज्यभर आपल्या निरीक्षण-विहिरींवर करीत असते; त्यामानानें आमचा उद्योग म्हणजे पोरखेळ. मे महिन्यांत पाणी तळाला गेलेलें असतांना, आणि ऑक्टोबरांत पावसाळा संपल्यावर, दहा-बारा विद्यार्थी घेऊन आम्ही कुऱ्हा, वरखेड, कौंडण्यपूर अशा बाजूंना हिंडत असूं. टोकाला वजन बांधलेली लोखंडी फीत, तिच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळलेला. फीत विहिरींत सोडावयाची, वर ओढावयाची, खडू भिजला असेल तेवढी लांबी एकंदरींतून वजा करावयाची, आणि काठापासून पाणी किती खोल आहे तें वहींत मांडावयाचें. आमचा हा मुलूख वर्धेच्या खोऱ्यांतला; मातीखालीं काळा कातळ, आणि त्याच्या भेगांत मुरेल तेवढेंच पाणी. संत्र्याची बाग एका उन्हाळ्यांत वाळली तर कित्येक वर्षांची मेहनत जाते. म्हणून चार-दोन शेतकरी तरी आमच्या आंकड्यांची मनापासून वाट पाहत असत.

मोजणीचे कागद माझ्या कपाटांत राहत. तेच आंकडे संगणकांत भरून, चुका काढून, गांववार तक्ते करण्याचें काम मात्र माझ्या स्नेह्यांचें. सोळा वर्षें हें असेंच चाललें. ते गेल्यावर ध्यानांत आलें कीं, कच्चे आंकडे माझ्यापाशीं आहेत, पक्के तक्ते त्यांच्या संगणकावर आहेत, परंतु कच्च्यापासून पक्क्यापर्यंतची वाट फक्त त्यांच्या डोक्यांत होती. ऑक्टोबरची मोजणी मीं कशीबशी उरकली. तिचा तक्ता कसा करावा हें मला कळेना.

आमचा एक विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. दिवाळीला घरीं आला तेव्हां तो भेटावयास आला. माझी अडचण ऐकून तो म्हणाला, "सर, ती वाट त्यांच्या डोक्यात नाही राहिली; हिस्टरीत राहिली असेल."

संगणक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चित्रें आणि बोटानें दाबावयाच्या खुणा उभ्या राहतात. परंतु ज्यांना यंत्राशीं जवळून बोलावयाचें असतें ते आजहि एक साधी काळी पाटी उघडतात आणि तिच्यावर एकेक ओळ टंकून आज्ञा देतात. या पाटीला टर्मिनल म्हणतात, आणि आज्ञा ऐकून ती यंत्राकडून करवून घेणाऱ्या कारभाऱ्याला शेल. १९६९ सालीं अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत युनिक्स या यंत्रप्रणालीचा जन्म झाला. तिच्यांत ही रीत रुळली आणि अद्याप टिकून आहे. १९७० नंतरच्या दशकांत बर्कले येथें बिल जॉय यानें जो शेल रचला त्यांत एक सोय होती. दिलेल्या आज्ञा तो लक्षांत ठेवी, त्यामुळें तीच आज्ञा पुन्हां देतांना सबंध टंकावी लागत नसे. १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यानें लिहिलेला बॅश नांवाचा शेल आज फार प्रचारांत आहे. तो मुळांत शेवटच्या ५०० आज्ञा एका लपविलेल्या फाइलींत उतरून ठेवतो. हीच ती हिस्टरी. टंकणाऱ्याचे श्रम वांचावेत, एवढाच तिचा मूळ हेतु.

माझ्या स्नेह्यांनीं ५०० ची मर्यादा केव्हांच वाढवून ठेवली होती, आणि प्रत्येक ओळीबरोबर दिवस व वेळ नोंदली जाईल अशीहि व्यवस्था केली होती. एस. टी.चीं तिकिटेंसुद्धां फेंकून न देणारा तो माणूस! फाइल उघडली तेव्हां तींत ९,००० हून अधिक ओळी निघाल्या.

एवढ्या ओळी वाचणार कोण? विद्यार्थी म्हणाला, "एजंटला देऊ." एजंट म्हटल्यावर आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें विम्याचा एजंट उभा राहतो, म्हणून त्याला समजावून सांगावें लागलें. भाषा शिकविलेली कृत्रिम बुद्धि आपल्याशीं बोलते हें आतां घरोघर ठाऊक झालें आहे. त्याच बुद्धीला बोलण्यापलीकडे कांहीं अवजारें वापरूं दिलीं, म्हणजे फाइल उघडणें, तींत शोध घेणें, आज्ञा देणें, तर ती एजंट होते. कोणतें अवजार तिच्यापुढें कसें ठेवावें याचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा एक खुला संकेत अँथ्रोपिक या कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर अशीं अवजारें करणें पुष्कळ सोपें झालें. आमच्या विद्यार्थ्यापाशीं होतें तें हिस्टरी चाळूं देण्याचें. एजंट त्याला विचारी कीं, अमक्या फाइलीचें नांव कोणत्या ओळींत आलें, अमक्या दिवशीं काय काय झालें. अवजार तेवढ्याच ओळी काढून त्याच्यापुढें ठेवी.

विद्यार्थ्यानें एक गोष्ट मात्र आग्रहानें केली. एजंटला वाचण्याची मुभा दिली, करण्याची दिली नाहीं. कारण हिस्टरींत फाइल पुसून टाकणारी एक दोन अक्षरांची आज्ञा जागोजाग येते. ती दिली कीं शेल सहसा "खरेंच का?" असें विचारीत नाहीं, आणि पुसलेलें परत मिळेल असा भरंवसाहि नसतो. सोळा वर्षांपूर्वीं एखाद्या दिवशीं जें पुसणें योग्य होतें, तें आज कोणी जुनी ओळ पाहून पुसलें तर काय व्हावें?

येथवर सारें शास्त्राचें झालें. माझें मन अडलें तें निराळ्याच ठिकाणीं. मनुष्य रोजनिशी लिहितो तेव्हां, कोणी वाचूं नये असें कितीहि म्हणाला तरी, कोणी तरी वाचील ही जाणीव त्याच्या लेखणीला असते. हिस्टरी लिहिणाऱ्याला आपण लिहीत आहों हेंच ठाऊक नसतें. तींत त्याचीं बोटें चुकलेलीं दिसतात; एकच आज्ञा चार वेळां चुकीची देऊन पांचव्यांदां जमलेली दिसते; रात्रींचे दोन वाजेपर्यंत तो जागत होता हेंहि दिसतें. कित्येकदां घाईंत मनुष्य आपला गुप्त शब्दच त्या पाटीवर टंकून जातो, आणि तो वर्षानुवर्षें त्या फाइलींत उघडा पडून राहतो. शेलला तशी सूचना दिलेली असली तर आज्ञेच्या आरंभीं एक कोरी जागा सोडल्यानें ती ओळ नोंदली जात नाहीं; परंतु हें ध्यानांत ठेवणारे थोडे. शिवाय आमचा एजंट ज्या बुद्धीच्या बळावर चाले ती आमच्या खोलींत नव्हती, दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर होती. त्याला वाचूं दिलेली ओळ घराबाहेर जाणार होती. विद्यार्थ्यानें आधीं गुप्त शब्दांच्या ओळी हुडकून काढून टाकल्या. त्या मीं पाहिल्या नाहींत.

तरीहि वहिनींना विचारल्यावांचून पुढें जाणें मला बरें वाटेना. मी त्यांच्याकडे गेलों आणि होईल तितक्या सोप्या शब्दांत सर्व सांगितलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, घरात त्यांनी कधी एक कागद लपवला नाही, तर तिथे काय लपवतील? वाचा तुम्ही. पण शेवटी शेवटी ते काय करत होते, तेवढं मला येऊन सांगा."

एजंटनें जें पाऊण तासांत केलें तें मला पाऊण वर्षांत झालें नसतें. कोणत्या फाइलीपासून कोणती निघाली, मीटर आणि फूट यांचा घोळ कोणत्या सालीं झाला व तो कसा निस्तरला, दोन विद्यार्थ्यांनीं एकाच विहिरीला दोन नांवें दिलीं होतीं तीं कशीं एक केलीं, हें सर्व त्यानें ओळवार व तारीखवार मांडून दिलें. विशेष म्हणजे चुकलेल्या आज्ञांचा त्याला फार उपयोग झाला. जमलेली आज्ञा एवढेंच सांगते कीं असें केलें. तिच्या आधींच्या न जमलेल्या चार आज्ञा सांगतात कीं काय करावयाचें होतें. मीं जन्मभर विद्यार्थ्यांना कच्चें काम खोडून स्वच्छ उत्तर लिहावयास लावलें, त्याचा त्या दिवशीं मला थोडासा पश्चात्ताप झाला.

परंतु त्या अहवालांत एक कलम असें होतें: अमक्या गांवची एक विहीर प्रत्येक मोजणीनंतर तक्त्यांतून काढून टाकलेली आढळते, आंकडे सदोष असावेत म्हणून वगळले असण्याचा संभव आहे, तथापि मूळ आंकडे शेजारच्या विहिरींशीं सुसंगत दिसतात, म्हणून ते पुन्हां घेण्यास हरकत नसावी.

हें वाचून मी उठून व्हरांड्यांत गेलों. ती विहीर मला माहीत होती. आमच्या दुसऱ्या कीं तिसऱ्या वर्षींची गोष्ट. एका वावरांतल्या विहिरीवर विद्यार्थी फीत सोडीत असतां एक म्हातारी काठी टेकीत आली आणि म्हणाली, "मास्तर, पान्याले मापू नका. मापलं का आटते." मुलें हंसलीं. माझे स्नेही हंसले नाहींत. त्यांनीं फीत वर घ्यावयास लावली, म्हातारीला हात जोडले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या विहिरीचं पाणी आमच्या कागदावर येणार नाही." पुढें दरवर्षीं नवे विद्यार्थी येत, त्यांना हें ठाऊक नसे, ते विहीर मोजून येत. आणि दरवर्षीं माझे स्नेही कांहीं न बोलतां ती एक ओळ काढून टाकीत. आजी वारली, शेत मुलाकडे गेलें, विहिरीशेजारीं बोअर झाली, तरीहि ते काढीतच राहिले.

आतां यांत एजंटची चूक काय? परीक्षेंत हा प्रश्न घातला असता आणि एखाद्या विद्यार्थ्यानें हेंच उत्तर लिहिलें असतें, तर मीं त्याला पूर्ण गुण दिले असते. त्याच्यापुढें कृति होती, कारण नव्हतें. आणि दिलेला शब्द हें कारण कोणत्याहि आंकड्यावरून काढतां येत नाहीं. आजकाल हिस्टरी ठेवण्याचीं अधिक चांगलीं साधनेंहि निघालीं आहेत. त्यांपैकीं अतुइन नांवाचें एक २०२१ पासून प्रचारांत आलें. टेरी प्रॅचेट या इंग्रज कादंबरीकाराच्या कल्पित सृष्टींत सबंध जग पाठीवर घेऊन पोहणारें एक कासव आहे, त्याचें हें नांव. आपल्या देवळांतल्या गाभाऱ्यापुढचें कासव आठवून मला ती कल्पना ओळखीची वाटली. हें साधन आज्ञेबरोबर ती कोठें दिली, किती वेळ चालली, सफल झाली कीं विफल, हेंहि नोंदून ठेवतें. पण आज्ञा कां दिली, हें तेंहि कोठून नोंदणार?

माझे वडील पटवारी होते. सातबाऱ्यावरचें एखादें नांव कमी करावयाचें झालें तर ते तें खोडीत नसत. त्याला कंस करीत आणि शेजारीं फेरफाराचा क्रमांक घालीत. लहानपणीं मला ती नुसती कागदी कटकट वाटे. क्रमांक घेऊन गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडली कीं तेथें कारण असे: अमका मयत, वारस अमुक, किंवा खरेदी, किंवा वांटणी. नांव गेलें एवढेंच ती नोंद सांगत नसे, तें कां गेलें हेंहि सांगत असे. माझ्या स्नेह्यांनीं सोळा वर्षें प्रामाणिकपणें कंस केला. क्रमांक घातला नाहीं. आणि मी, पटवाऱ्याचा मुलगा, दरवर्षीं शेजारीं बसून तें पाहत होतों. मींहि त्यांना कधीं क्रमांक घाला म्हटलें नाहीं.

याच विचारांत असतां मला रिद्धपूर आठवलें. तें आमच्याच जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात् म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळा गोळा केल्या त्या तेराव्या शतकांत. त्यांच्यापुढें कोणतीहि फाइल नव्हती. ज्यांनीं जें पाहिलें-ऐकलें होतें त्यांच्याकडे ते गेले, विचारीत राहिले, आणि नागदेवाचार्यांच्या स्मृतीशीं तें ताडून घेत राहिले. म्हणून लीळाचरित्रांत बहुधा एकटी कृति येत नाहीं; कोठें, कोणापुढें, कशावरून, हें तिला बिलगून येतें. पुढें मूळ ग्रंथ धामधुमींत नाहींसा झाला, तेव्हां ज्यांच्या तो पाठ होता त्यांच्या तोंडून तो पुन्हां उभा राहिला, आणि एकाचे अनेक पाठ झाले. म्हाइंभटांपाशीं वही नव्हती म्हणून ते माणसांकडे गेले. आम्हांला आयती वही मिळाली, आणि माणसांकडे जाण्याची आठवणच राहिली नाहीं. एजंटपुढें फाइल ठेवण्यापूर्वीं मीं माझ्या स्वतःच्या आठवणी तरी लिहून काढावयास हव्या होत्या, हें मला अहवालाच्या त्या कलमानें शिकविलें.

त्या विहिरीचें पुढें काय करावें याचा मीं दोन दिवस विचार केला. तक्ता पूर्ण व्हावा हा संख्याशास्त्राचा मोह असतो आणि मी त्यांतून मुक्त नाहीं. ती विहीर घेतली असती तर आजी कांहीं जाब विचारावयास येणार नव्हती. माझे स्नेहीहि येणार नव्हते. परंतु शब्द त्यांनीं दिला होता आणि काम आमचें दोघांचें होतें. ती ओळ मीं बाहेरच ठेवली. मात्र तक्त्याच्या तळाशीं प्रथमच एक टीप आली: एक विहीर मालकिणीला दिलेल्या शब्दामुळें वगळली आहे, आंकडे सदोष म्हणून नव्हे. शास्त्राशीं प्रतारणा नको, आणि शब्दाशींहि नको.

राहिलें वहिनींना दिलेलें वचन. एजंटला मीं विचारलें कीं, शेवटच्या दिवसांत काय काय झालें? त्यानें सांगितलें कीं, नवें काम कांहीं झालेलें नाहीं. शेवटच्या दिवशीं मे महिन्याचा तक्ता थोड्या थोड्या वेळानें सहा वेळां उघडला आहे. बहुधा आंकडे पुन्हां पडताळून पाहिले असावेत. मीं तसेंच वहिनींना जाऊन सांगितलें. त्यांच्या काटेकोरपणाची ही शेवटची खूण आहे, असेंहि वर म्हणालों.

वहिनींनीं मान हलविली. "पडताळत नव्हते हो भाऊजी. तेव्हा त्यांना नीट दिसतच नव्हतं. अक्षरं हलतात म्हणायचे. दिसेल म्हणून पुन्हा पुन्हा उघडत असतील." थोड्या वेळानें म्हणाल्या, "मला म्हणाले असते तर मी वाचून दाखवले असते आकडे."

मी परत आलों आणि ती ओळ अहवालांत दुरुस्त केली.

आतां तक्त्यांचें काम माझ्याकडे आलें आहे. ५६ व्या वर्षीं मी त्या काळ्या पाटीवर अक्षरें शोधीत बसतों, आणि माझ्या चुका पाहिल्या तर स्नेह्यांच्या चुका म्हणजे मोत्यांच्या ओळी वाटाव्या. विद्यार्थ्यानें जातांना मला एक युक्ति शिकविली. ओळीच्या आरंभीं जाळीसारखी दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची खूण केली, कीं शेल ती ओळ आज्ञा म्हणून पाळीत नाहीं. परंतु हिस्टरींत ती इतर ओळींसारखीच राहते. तेव्हां एखादा आंकडा काढून टाकण्यापूर्वीं मी ती खूण करतों आणि कां काढीत आहें तें मराठींत लिहून ठेवतों. हा माझा फेरफाराचा क्रमांक. उद्यां तो कोणी एजंट वाचील, किंवा कोणी माणूस वाचील. काल मीं पहिलीच अशी ओळ लिहिली: आजीची विहीर, शब्द दिला आहे.